टिंब, रेघ आणि अर्धवर्तुळ : अरबी नावे रोमन लिपीत टंकताना

१/ बहमनी राज्य फुटले आणि दख्खनमध्ये पाच शाह्या उभ्या राहिल्या : आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही, इमादशाही, बरीदशाही. ही नावे देवनागरीत लिहिताना शाळकरी मुलालाही अडखळावे लागत नाही. तीच नावे एखाद्या इंग्रजी प्रबंधात काटेकोर रोमन लिप्यंतराने टंकायची म्हटली, की पाचांपैकी एकही साध्या कळफलकावर पूर्ण होत नाही. कुठे अक्षराखाली टिंब लागते, कुठे स्वरावर आडवी रेघ, कुठे ओळीच्या वरच्या अंगाला इवलेसे अर्धवर्तुळ. ही चिन्हे का लागतात आणि वर्डसारख्या प्रणालीत ती कशी आणायची, याविषयीचा हा थ्रेड.

२/ आधी ही पाच नावेच उलगडू. ‘आदिल’ म्हणजे न्यायी. त्याचा आरंभ ‘ऐन’ या अक्षराने होतो, म्हणून आधी अर्धवर्तुळ आणि मग रेघ असलेला ए. ‘निजाम’ म्हणजे व्यवस्था. त्यात झेडखाली टिंब आणि ए वर रेघ. ‘कुत्ब’ म्हणजे ध्रुव. त्यात क्यू आणि टिंब असलेला टी. ‘इमाद’ म्हणजे आधारस्तंभ. पुन्हा ऐन, पुन्हा रेघ. ‘बरीद’ला तेवढी आय वरची एकच रेघ पुरते. ‘शाही’ या उत्तरपदातल्या दोन रेघा आणखी वेगळ्या.

३/ हा खटाटोप कशासाठी? अरबी वर्णमालेत २८ अक्षरे आहेत आणि त्यांपैकी कित्येकांना रोमन लिपीत जोडीदार नाही. ‘कल्ब’ क्यूने लिहिले तर हृदय, के ने लिहिले तर कुत्रा. ‘तीन’ साध्या टी ने लिहिले तर अंजीर, टिंब असलेल्या टी ने लिहिले तर चिखल. ‘हरम’ टिंबाच्या एचने म्हणजे पवित्र परिसर, साध्या एचने म्हणजे पिरॅमिड. मराठीत लिहिताना या जोड्या एकसारख्याच दिसतात. रोमनमध्येही टिंब गाळले, तर ‘तीन’ आणि ‘हरम’ यांची तीच गत होते.

४/ सर्वांत नाजूक जोडी ऐन आणि हम्झा यांची. हम्झा म्हणजे कंठात क्षणभर अडलेला श्वास. ऐन त्याहून खोल, घशाच्या आकुंचनातून येणारा. लिप्यंतरात एकाचे अर्धवर्तुळ उजवीकडे फुगलेले, दुसऱ्याचे डावीकडे. ‘सअल’ या क्रियापदात हम्झा असेल तर ‘त्याने विचारले’ आणि ऐन असेल तर ‘तो खोकला’. छापील पानावर हा फरक खसखशीच्या दाण्याएवढ्या चिन्हाच्या दिशेवर उभा असतो.

५/ दख्खनच्या कागदपत्रांची भाषा अरबी नव्हे, फारसी होती. फारसीने अरबी शब्द घेतले, त्यांचे मूळ वर्णलेखन जपले, उच्चार मात्र आपले केले. म्हणून फारसीत झे, झाल, झ्वाद आणि झोय ही चार वेगळी अक्षरे एकाच ध्वनीने वाचली जातात. मराठीने तो ध्वनी ‘ज’मध्ये सामावला. ‘जमीन’ झे ने, ‘मजकूर’ झालने, ‘जप्त’ झ्वादने आणि ‘जाहीर’ झोयने लिहिले जाते. चार अक्षरांचे चार शब्द. मराठी माणसाला चारही एकाच ‘ज’चे.

६/ ‘स’चेही तसेच. ‘साहेब’मध्ये स्वाद, ‘सन’मध्ये सीन, ‘वारस’मध्ये से. ‘हुकूम’मधला ह घशातला, ‘हवा’मधला ह साधा. ‘कायदा’, ‘किल्ला’, ‘अंमल’, ‘तालुका’, ‘जिल्हा’ या पाचही शब्दांच्या मुळाशी ऐन आहे. मराठीत त्याचा मागमूस उरलेला नाही. हिंदीच्या धर्तीवर ‘ज’खाली नुक्ता दिला तरी ते चार ‘ज’ वेगळे होत नाहीत. नुक्ता फक्त ध्वनी सांगतो, मूळ अक्षर सांगत नाही.

७/ यात मराठीचे काही चुकले असे मुळीच नाही. शब्द रुळला, की तो त्या भाषेच्या नियमांनी चालतो. ‘साहेब’ आज जितका मराठी, तितका क्वचितच दुसरा कोणता शब्द असेल. प्रश्न उभा राहतो तो उलट दिशेने जाताना. ज्या वाचकासमोर मूळ फर्मान नाही, त्याला रोमन अक्षरांवरून मूळ वर्णलेखनाकडे परत जाता आले पाहिजे. लिप्यंतराचे काम एवढेच, आणि टिंब त्यासाठीच असते.

८/ हे काम मराठी कागदांत किती जवळचे आहे, याचा उत्तम दाखला शुहूर सनाचा. शिवकालीन आणि पेशवेकालीन पत्रांत वर्षाचे आकडे अरबी संख्यावाचकांनी लिहिलेले असतात. इसन्ने म्हणजे २, सलास ३, अर्बा ४, खमस ५, सीत ६, सबा ७, समान ८, तिसा ९. ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे ७, ७०, १०० आणि १०००, अर्थात शुहूर ११७७. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले, की इ. स. १७७६-७७ हे वर्ष मिळते.

९/ नवख्या वाचकाची इथे हमखास फसगत होते. ‘तिसा’ला तो तीस समजतो, ‘समान’ला सारखा. सबा आणि सबैन, तिसा आणि तिसैन यांत ७ आणि ७०, ९ आणि ९० एवढे अंतर आहे. त्यातच मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद बहुधा पाळलेला नसतो. अर्बा, सबा, तिसा यांच्या मुळाशी ऐन आहे. इसन्ने, सलास, समान यांत से. सीत, सबा, तिसा, खमस यांत सीन. काटेकोर लिप्यंतर शेजारी दिले, की प्रत्येक आकडा आपल्या मूळ शब्दाशी निःसंशय जोडला जातो.

१०/ रोमन लिपीत पौर्वात्य शब्द एकाच रीतीने लिहावेत, ही निकड जुनी आहे. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’चा पहिला खंड १७८८ मध्ये निघाला, त्यातच विल्यम जोन्स यांचा या विषयावरचा निबंध आहे. दीर्घ स्वरासाठी ते तिरकी रेघ वापरत. १८९४ मध्ये जिनिव्हाच्या प्राच्यविद्या परिषदेत एक सामायिक पद्धत पुढे आली. १९३५ च्या रोम परिषदेत जर्मन विद्वानांची पद्धत मांडली गेली; १९८२ चे जर्मन मानक तिच्यावरच आधारलेले आहे. १९८४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचेही अरबीसाठी वेगळे मानक आले.

११/ इतकी मानके असल्यामुळे एकवाक्यता झाली, असे मात्र नाही. लायडनच्या ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ इस्लाम’च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘काफ’साठी क्यू नाही, के खाली टिंब आहे. ‘जीम’साठी डी आणि जे अशी दोन अक्षरे आहेत. म्हणून त्या आवृत्तीत कुतुबशाही शोधायची तर के मध्ये. २००७ पासून निघू लागलेल्या तिसऱ्या आवृत्तीने क्यू आणि जे स्वीकारले. एकच राजवंश, पण कोशाची आवृत्ती बदलली, की त्याचे पानही बदलते.

१२/ पद्धत ठरवणे एक आणि ती कागदावर उतरवणे दुसरे. खिळे जुळवण्याच्या काळात टिंबाची अक्षरे मुद्दाम ओतून घ्यावी लागत. टंकयंत्रावर मजकूर आधी टंकायचा आणि टिंबे-रेघा मागाहून पेनाने द्यायच्या, ही रीत होती. संगणक आल्यावर सुरुवातीच्या फाँटांत २५६ च जागा; मग एखाद्या अनावश्यक अक्षराच्या जागी टिंबाचे अक्षर चितारले जाई. तो फाँट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली, की निजामाच्या पोटात भलतेच चिन्ह. युनिकोडपूर्व मराठी फाँटांत टंकलेला मजकूर ज्यांनी कधी उघडून पाहिला आहे, त्यांना हे दुःख वेगळे सांगायला नको.

१३/ १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि पुढे या प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेतांक मिळाला. टिंबाचा एच १ई२५, टिंबाचा एस १ई६३, टिंबाचा टी १ई६डी, टिंबाचा डी १ई०डी, टिंबाचा झेड १ई९३. रेघेचा ए ०१०१, रेघेचा आय ०१२बी, रेघेचा यू ०१६बी. हे सारे लहान लिपीतले. मोठ्या अक्षरांचे संकेतांक त्यांच्या अगदी आधीचे. (हे अंक आणि अक्षरे रोमन कळफलकावरूनच टंकायची.)

१४/ विंडोजवरील वर्डमध्ये सर्वांत सरळ मार्ग असा : संकेतांक टंकावा आणि लगेच ऑल्ट व एक्स या कळा एकत्र दाबाव्यात. आकड्यांच्या जागी अक्षर उमटते. लिब्रेऑफिसमध्येही हीच युक्ती चालते. ‘निजाम’ आणि ‘कुत्ब’ यांत काही अडत नाही. पण निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचे नाव घेतले, की घोटाळा होतो. संकेतांकात शून्य ते नऊ अंकांबरोबर ए ते एफ ही अक्षरेही चालतात. त्यामुळे ‘अहमद’चा पहिला ए वर्डला संकेतांकाचाच भाग वाटू शकतो आणि नावाच्या जागी रिकामी चौकट उरते. उपाय सोपा आहे : फक्त संकेतांक निवडून मग कळा दाबाव्यात.

१५/ शंभर पानांच्या प्रबंधात हे दर वेळी करणे म्हणजे शिक्षाच. त्यासाठी वर्डच्या ऑटोकरेक्टमध्ये स्वतःची खूण नोंदवता येते. उदाहरणार्थ, एचपुढे दोन टिंबे टंकली की टिंबाचा एच उमटावा. मॅकवर ‘एबीसी एक्स्टेंडेड’ कळफलक निवडला, तर ऑप्शन आणि ए दाबून स्वर टंकल्यास रेघ येते, ऑप्शन आणि एक्स दाबून व्यंजन टंकल्यास टिंब. विंडोजसाठी स्वतःचा कळफलक रचण्याचे मोफत साधनही आहे. एका दुपारची ही तयारी पुढची कित्येक वर्षे कामी येते.

१६/ खरा सापळा ऐनचा आहे. घाईत ऐन आणि हम्झा या दोहोंसाठी साधे अवतरणचिन्ह टंकले जाते. वर्ड ते आपण होऊन वळवतो : शब्दाच्या आरंभी असेल तर उघडणारे, शब्दाच्या मध्ये असेल तर मिटणारे. उघडणारे चिन्ह ऐनसारखे दिसते, मिटणारे हम्झासारखे. विजापूरच्या इस्माइल आदिलशाहाच्या नावात दोन ऐन आहेत, एक ‘इस्माइल’च्या मध्ये आणि एक ‘आदिल’च्या आरंभी. वर्डच्या हाती सोपवले, तर पहिल्याचा हम्झा होतो आणि दुसरा ऐनच राहतो. टंकणाऱ्याचे तिकडे लक्षही जात नाही.

१७/ म्हणून ऐनसाठी ०२बीएफ आणि हम्झासाठी ०२बीई ही खास चिन्हेच वापरावीत. युनिकोड त्यांना अवतरणचिन्हे मानत नाही, अक्षरांत गणते. त्यामुळे वर्ड ती वळवत नाही आणि नाव मधोमध तुटत नाही. एक पथ्य मात्र पाळावे लागते. नुसत्या संकेतांकांच्या क्रमाने सूची लावली, तर ही चिन्हे झेडच्याही पुढे जातात. मग बरीद, निजाम, कुत्ब आपापल्या जागी आणि आदिल, इमाद व मलिक अंबरचा अंबर सूचीच्या शेवटी, अशी पंगत बसते. सूची करताना ऐन-हम्झा नाहीतच, असे समजून क्रम लावायचा असतो.

१८/ दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. टिंबाचा टी दोन प्रकारे साठवता येतो : एकसंध अक्षर म्हणून, किंवा साधा टी आणि त्याला जोडलेले सुटे टिंब (०३२३) म्हणून. पडद्यावर दोन्ही एकच. पण काटेकोर जुळणी करणाऱ्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. एका प्रकरणातला कुत्ब सापडतो, दुसऱ्यातला सापडत नाही. देवनागरीत नुक्त्याच्या ‘ज’चीही अशीच दोन रूपे आहेत. दोन सहलेखकांनी काम सुरू करण्याआधी एक रूप ठरवून घेणे शहाणपणाचे.

१९/ फाँटही पारखून घ्यावा लागतो. ज्या फाँटात टिंबाची अक्षरे नाहीत, तिथे संगणक ते एक अक्षर दुसऱ्या फाँटातून उसने आणतो आणि नावाच्या मध्ये एकच अक्षर जाड किंवा बुटके दिसते. जेंटियम आणि चॅरिस हे मोफत फाँट अशा लेखनाचा विचार करूनच घडवलेले आहेत. तपासायला तीन नावे पुरतात : इमाद, कुत्ब, निजाम. ती नीट उमटली, तर बाकीचे बहुतेक उमटेल.

२०/ दख्खनच्या अभ्यासकापुढे एक पेच आणखी आहे, आणि तो यंत्राचा नाही. संस्कृत-मराठीच्या रोमन लिप्यंतरात टी खालचे टिंब ‘ट’ दाखवते. अरबीत तेच टिंब ‘तोय’ दाखवते. म्हणजे ‘मराठा’ आणि ‘कुत्ब’ एकाच वाक्यात आले, तर एकच चिन्ह दोन वेगळे ध्वनी सांगते. उर्दूत ‘ट’ही आहे आणि ‘तोय’ही, म्हणून ग्रंथालयीन पद्धतीत उर्दूच्या तोयसाठी टी खाली दोन टिंबे देतात. त्या अक्षराला एकसंध संकेतांक नाही; टी आणि सुटी दोन टिंबे (०३२४) अशी जोडणीच करावी लागते.

२१/ त्याहून खोल प्रश्न उच्चाराचा. झ्वाद हे अक्षर अरबीत ‘द’च्या अंगाने जाते, फारसीत आणि हिंदुस्थानात ‘झ’च्या. विजापूरच्या काजीला टिंबाच्या डी ने लिहिले, तर तो अरबस्तानातला वाटू लागतो. झेडने लिहिले, तर तो ज्या गावात न्याय देत होता तिथला राहतो. ‘रमजान’ म्हणावे की ‘रमदान’, हा अलीकडचा वाद याच अक्षराचा आहे. मलिक अंबरच्या नावात लेखन ‘न’चे आहे आणि उच्चार ‘म’चा, कारण अरबीत ‘ब’पूर्वीचा ‘न’ ‘म’सारखा ऐकू येतो. रोमनमध्ये लिहिणाऱ्याला एन किंवा एम यांपैकी एक पत्करावा लागतो. देवनागरीच्या अनुस्वाराने मात्र हा निर्णय अलगद टाळला आहे.

२२/ म्हणून प्रबंधाच्या आरंभी लिप्यंतराचा तक्ता द्यावा, त्यात अरबीची पद्धत घेतली की फारसीची हे सांगावे, आणि अखेरपर्यंत तीच पाळावी. रुळलेल्या शब्दांना, गावांच्या प्रचलित नावांना हा साज चढवू नये. मूळ फारसी मजकूर शेजारी छापता आला तर उत्तमच, ग. ह. खरे यांच्या ‘ऐतिहासिक फारसी साहित्य’ने तसा पायंडा घालून दिला आहे. पण सूचीत, तळटीपेत, ग्रंथालयाच्या नोंदीत प्रत्येक वेळी मूळ लिपी येत नाही. तिथे वाचकाला मूळ कागदाकडे नेणारी एकच वाट उरते, आणि ती त्या टिंबावरून, रेघेवरून, अर्धवर्तुळावरून जाते.

२३/ या चिन्हांना पांडित्याचा दिखावा म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि अर्धवट वापरली तर तो दिखावाच ठरतो. चार ठिकाणी टिंब आणि आठ ठिकाणी नाही, अशा मजकुरापेक्षा चिन्हाविना लिहिलेला मजकूर अधिक प्रामाणिक. निदान तो वाचकाला खोटी खात्री देत नाही. ज्यांना फारसी येत नाही, ते संशोधक उद्या हीच नावे आजच्या प्रबंधांतून उचलणार आहेत. इस्माइलच्या नावात वर्डने घातलेला हम्झा ते तसाच पुढे नेतील, आणि तीन पुस्तकांनंतर तो पुरावा म्हणून दाखवला जाईल. तो आजच काढून टाकायला दोन कळा पुरतात.

(थ्रेड समाप्त)